उन्हाळी सुट्टी, आम्ही दोघं आणि घरातली चारपायी मंडळी

सांजसावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही शिकवण्याच्या पेशातले, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी दोघांना एकदमच लागते. घरात भुरा नावाचा वयस्क लॅब्राडॉर आहे, शिवाय चिंगी आणि ढब्बू ही दोन मांजरं. वर्षभर घर घड्याळावर चालतं. सकाळी भुराला कोण नेणार, मांजरांची वाळू कोण बदलणार, सांधेदुखीची गोळी कोण देणार, यावर कधी बोलावंही लागत नाही. सुट्टी लागली की हे सगळं सैल होतं. उठायची वेळ पुढे सरकते, पाठोपाठ जेवणं सरकतात, आणि "तू दिलीस का त्याला गोळी?" "मला वाटलं तू दिलीस" हे संवाद सुरू होतात. दोघंही घरात असताना कामं चुकायची शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे. एकटं माणूस असलं की त्याला माहीत असतं, हे आपल्यालाच करायचंय.

म्हणून मला मनापासून वाटतं की सुट्टीत प्राण्यांचं घड्याळ हलवू नये. आपली सुट्टी त्या घड्याळाभोवती बसवावी. उन्हाळ्यात तर ऊनच वेळापत्रक ठरवतं. भुराचं फिरणं उजाडताना, कारण जमीन सगळ्यात थंड तेव्हाच असते. सुट्टी असूनही आम्ही पहाटे उठतो. आता ते आम्हा दोघांना इतकं आवडायला लागलंय की वर्षभर जे बोलणं राहून जातं ते त्या फेरीत होतं. भुरा हळू चालतो, हुंगत थांबतो, आणि आम्हाला कुठेच पोचायची घाई नसते. दुपारी पडदे ओढून सगळ्यात थंड खोलीत पाचही जण पडून असतो.

कामं आम्ही अख्खीच्या अख्खी वाटून घेतली आहेत. भुराचं खाणं, गोळ्या, डॉक्टरांच्या तारखा, गोचिडांचं औषध, सगळं नवऱ्याकडे. औषध संपत आलंय हे लक्षात ठेवणंही त्याच्याकडेच, मी आठवण करायची नाही. मांजरं पूर्णपणे माझी. एकाच कामात दोघांचे हात असले की कुणाला तरी सतत विचारत राहावं लागतं, आणि त्या विचारत राहण्यानेच जास्त दमायला होतं.

मतभेदही झाले. भुराला उकडतं म्हणून त्याचे केस मशीनने बारीक करावेत असं नवऱ्याला वाटत होतं, मला ते पटत नव्हतं. वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की लॅब्राडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि वरचा थर उन्हापासून बचाव करतो. तो काढायचा नाही, आतली गळणारी लव मात्र रोज विंचरून काढायची. आता संध्याकाळी विंचरणं हा नवऱ्याचा आवडता कार्यक्रम झालाय.

तुमच्याकडे कसं चालतं? नवरा-बायको दोघं घरात असताना प्राण्यांचं कोण काय बघतं? बाहेरगावी जाता का? उन्हाळ्यात काय सांभाळता? सविस्तर लिहा, मला खरंच वाचायचंय.

पाऊलखूण

पहाटेच्या फेरीला जोरदार अनुमोदन. एक भर घालतो. हवेचं तापमान बघून बाहेर पडणं पुरेसं नाही. हवा २५ अंश सेल्सिअस असली तरी थेट उन्हातलं डांबर ५० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. हवा ३१ अंश असेल तर ६० च्या घरात. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या पंज्यांखालच्या गाद्या उघड्या असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघायची. नाही ठेववली तर परत घरी.

संध्याकाळचं नीट समजून घ्या. सूर्य मावळला, वारा सुटला, आपल्याला गार वाटलं, तरी डांबर आणि सिमेंट दिवसभराची उष्णता बराच वेळ धरून ठेवतात. आमच्याकडे संध्याकाळची फेरी बायकोची असते. ती मुद्दाम उशिरा निघते आणि शक्यतो मातीवरून, गवतावरून नेते.

आणि फिरणं कमी झालं म्हणून कुत्रा कंटाळेल अशी भीती वाटत असेल तर घरात खाणं लपवून शोधायला लावा. नाकाने शोधण्यात कुत्रा चांगलाच दमतो. आमची सुट्टीतली अर्धी दुपार त्यात जाते. एक जण लपवतो, दुसरा आमच्या कुत्रीला धरून उभा राहतो.

नुसताच_वाचक

मी इथे बहुतेक वाचतोच, पण हा विषय घरचा आहे. मांजरं बायकोने आणली. माझं बालपण प्राण्यांशिवाय गेलेलं, त्यामुळे सुरुवातीला मला त्यांच्याशी कसं वागावं हेच कळत नसे. आता बरीच दोस्ती आहे. अडचण अशी की सुट्टीत मांजर उजाडायच्या आधी छातीवर येऊन बसतं आणि ओरडतं. बायको उठून खायला घालते, मग तिची झोप मोडते ती मोडतेच. सुट्टीत तरी तिने झोपावं असं मला फार वाटतं. मी उठलो तर मांजर माझ्याकडून खात नाही, तिच्याकडेच परत जातं. काय करावं?

खिडकीतली_मनी

@नुसताच_वाचक, प्रश्न विचारलात ते बरं केलंत. मांजराचा स्वभावच तसा आहे. ते पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जागं असतं, कारण शिकारीची वेळ ती. त्यात ओरडलं की खायला मिळतं हे त्याने शिकून ठेवलंय. दोन गोष्टी करा. रात्री झोपायच्या आधी दोरीच्या खेळण्याने दमेपर्यंत खेळवा आणि लगेच दिवसातलं शेवटचं खाणं द्या. खेळ, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, हा क्रम मांजराच्या अंगातच असतो. आणि हे खेळवणं तुम्ही करा, बायकोने नाही. काही दिवसांत ते खाण्यासाठी तुमच्याकडे बघायला लागेल. पहाटेच्या ओरडण्याला दोघांपैकी कुणीच उठायचं नाही. एकाने उठून दुसऱ्याने न उठणं याचा उपयोग होत नाही, मांजर मऊ माणूस बरोबर शोधून काढतं. फक्त खाणं-पिणं नेहमीसारखं आहे, वाळूत जाणं नीट आहे, आजारी नाही, याची आधी खात्री करा.

आता सगळ्यांसाठी, खिडक्यांबद्दल. उन्हाळ्यात आपण वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या टाकतो आणि मांजरं पडतात. न्यू यॉर्कमधल्या प्राण्यांच्या एका रुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली होती. त्यावरचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेली बहुतेक वाचली, पण छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं हे नेहमीचंच होतं. "मांजर काय, पायांवर उतरतं" या भरवशावर कुणी राहू नका. डासांची साधी जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. चौकटीत पक्की बसवलेली मजबूत जाळी हवी. घरात दोघं असले की एकाने उघडलेली खिडकी दुसऱ्याच्या लक्षात नसते, म्हणून जाळी हाच उपाय. लक्ष ठेवण्यावर ही गोष्ट सोपवता येत नाही.

आणि पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले रानमांजर, त्यामुळे त्याला तहानच कमी लागते आणि ते पाणी कमी पितं. कोरड्या दाण्यांमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पाऊण हिस्सा आणि वर. उन्हाळ्यात ओल्या खाण्याचं प्रमाण वाढवा, घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा. बोका वाळूत जाऊन नुसता बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

सांजसावली

@खिडकीतली_मनी, जाळीचं अगदी पटलं. आमच्याकडे ती आधीपासून आहे, पण बोक्याच्या लघवीचं तुम्ही लिहिलंत ते ढब्बूसाठी नवऱ्याला वाचून दाखवलं. मी घरात नसताना त्यालाही ते माहीत असायला हवं.

@पाऊलखूण, एक लपवतो आणि एक धरून उभा राहतो, हे चित्र फार आवडलं. उद्यापासून आमच्याकडेही.

पाणवनस्पती

चारपायी नाहीत, पण आमच्या काचेच्या टाकीतल्या मंडळींनाही जागा द्या.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची गरज मात्र वाढलेली असते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असतील तर हवेचा पंप वाढवा, टाकी उन्हापासून दूर घ्या, झाकण उघडून पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. बर्फ ओतून पाणी एकदम गार करू नका, तो धक्का माशांना सोसत नाही.

बाहेरगावी जाताना सगळ्यात मोठा धोका उपाशी राहण्याचा नसून जास्त खाण्याचा असतो. निरोगी, मोठे झालेले मासे काही दिवस न खाता सहज राहतात. शेजारच्यांनी मायेने मूठभर खाणं टाकलं की ते कुजतं, अमोनिया वाढतो आणि टाकीच्या टाकी रिकामी होते. बायको जाताना एकेका वेळचं खाणं छोट्या पुड्यांत बांधून ठेवते आणि उरलेला डबा कपाटात बंद करते. मी टाकी स्वच्छ करणारा, ती प्रवासाची तयारी करणारी. इतक्या वर्षांत ही वाटणी एकदाही बदलावी लागली नाही.

भटकभवानी

थोडं वेगळं मत मांडते. प्राण्यांचं घड्याळ अजिबात हलवू नये हे मला पूर्ण पटत नाही. आम्ही दोघं सुट्टीत कुत्रीला घेऊन प्रवास करतो आणि ती खूश असते. लहानपणापासून सवय असेल तर कुत्रा नव्या जागी रुळतो. त्याला घरापेक्षा माणसं महत्त्वाची. मांजराचं उलट, त्याला जागा प्यारी. म्हणून मांजर असेल तर घरीच ठेवून ओळखीचं माणूस येत-जात ठेवावं, या मताची मीही आहे.

प्रवासात एक नियम आमच्यात पक्का आहे. गाडीत तिला एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही. बाहेर २१ अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत जातो, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दहा-वीस मिनिटांतच होते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे थांबलो की एक जण आत जातो, दुसरा तिच्यापाशी सावलीत. दोघांनी एकत्र बसून जेवायचं तर कुत्र्याला येऊ देणारी जागा शोधायची, नाहीतर आळीपाळीने. यावर नवऱ्याचं-माझं कधी दुमत झालं नाही, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

निघण्यापूर्वी लसींची नोंदवही, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक आणि त्यावर नोंदवलेला फोन नंबर चालू आहे ना, हे तपासा. फोन बदलतो आणि चिपच्या नोंदणीत जुनाच राहतो. हरवलेला कुत्रा सापडूनही घरी पोचत नाही तो अशाने.

सांजसावली

@भटकभवानी, तुमचा मुद्दा मान्य. घड्याळ म्हणजे जागा बदलायचीच नाही असं मला म्हणायचं नव्हतं. खाण्या-फिरण्याच्या वेळा प्रवासातही त्याच राहिल्या तर कुत्रा नव्या जागीही स्थिर राहतो, आणि तुम्ही तेच करताय असं दिसतंय. भुरा तरुण असता तर आम्हीही नेला असता. आता त्याला गाडीत चढवतानाच त्रास होतो, म्हणून सध्या बाहेरगाव नाही. दोघांनी ठरवूनच तसं केलंय आणि त्याचं दुःख नाही.

दवबिंदू

आमच्याकडे ससा आहे. सशाला घाम येत नाही, धापा टाकूनही फारसं थंड होता येत नाही. त्याची उष्णता कानांतून बाहेर पडते. पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर गेलं की त्याला जड जायला लागतं. पाण्याने भरून गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली की तो तिला टेकून बसतो. उन्हाळ्यात मागची बाजू दिवसातून दोनदा तपासावी लागते, कारण ओल्या किंवा घाण झालेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या होतात. हे काम नवरा करतो, मला बघवत नाही. मी त्याबदल्यात रोजचं गवत आणि पिंजरा बघते.

ज्यांच्याकडे बजरीगार किंवा पोपट आहेत त्यांना एक सांगते: सुट्टीत दोघं मिळून स्वयंपाकघरात जास्त वेळ असाल तर नॉनस्टिक भांडं गॅसवर रिकामं तापत ठेवू नका. जास्त तापलेल्या लेपातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी मिनिटांत दगावतात.

कंपाउंडर_काका

प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करतो. उन्हाळ्यात जे डोळ्यासमोर येतं त्यावरून लिहितो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. व्यायामाने किंवा उन्हाने ४० च्या वर गेलं तर सावध व्हा, ४१ म्हणजे जीवावरचं. न थांबणारी मोठ्या आवाजाची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, ही लक्षणं. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना धापेने गार होणं अवघड जातं. जाड, म्हातारे आणि काळ्या केसांचे कुत्रेही लवकर तापतात. हवा दमट असेल तर धापेचा उपयोग आणखी कमी, कारण जिभेवरचं पाणी उडूनच जात नाही.

असं काही दिसलं तर आधी थंड करा, मग न्या. लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेजही हेच सांगतं. सावलीत घ्या, मिळेल ते गार पाणी अंगावर ओतत राहा, वारा द्या. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. दोघं असाल तर एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने दवाखान्यात फोन करून गाडी काढायची. गाडीत एसी किंवा खिडक्या उघड्या. कुत्रा उठून उभा राहिला, शेपूट हलवली, तरी दाखवायला आणाच. मूत्रपिंडांवरचा आणि रक्त गोठण्यावरचा परिणाम नंतर दिसतो.

दुसरी गोष्ट सांजसावली ताईंसाठी, कारण त्यांच्याकडे कुत्रा आणि मांजर एकत्र आहेत. कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधी थेंबांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, झटके येतात, जीव जातो. मांजराला ते चुकूनही लावायचं नाही, आणि कुत्र्याला लावलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू द्यायचं नाही. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. औषध एकाने आणलं आणि दुसऱ्याने लावलं, अशा घरांत हा घोळ जास्त होतो.

सांजसावली

काका, मनापासून आभार. भुराचे थेंब तपासले, त्यात पर्मेथ्रिन नाही. पण नवऱ्याने आताच कपाटाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं: नवीन औषध आणताना घटक वाचणे, मांजरं घरात आहेत.

उंबरठा

आमच्या कुत्रीचा हा बहुधा शेवटचा उन्हाळा. मूत्रपिंडं थकली आहेत. तिला पाणी खूप लागतं, रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावं लागतं. सुट्टी आहे म्हणून हे जमतंय. रात्र आम्ही अर्धी-अर्धी वाटली आहे. आधीची माझी, नंतरची त्याची. ज्याची पाळी नसते त्याने कूसही बदलायची नाही, झोपायचं. तरीही पाळी बदलताना दोघंही थोडा वेळ तिच्या अंथरुणापाशी बसतोच. नवरा फार बोलणारा माणूस नाही, पण तिच्याशी मात्र तो रात्री बोलतो. काय बोलतो ते मी ऐकत नाही.

सुट्टी संपल्यावर कसं करायचं याची काळजी आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पाऊलखूण

@उंबरठा, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्या आधीच्या कुत्र्याच्या वेळी आम्ही दोघांनी कामाच्या वेळा तासा-दोन तासांनी मागेपुढे करून घेतल्या होत्या, म्हणजे घर सलग रिकामं राहण्याचा काळ कमी झाला. दुपारी एकदा येऊन तिला बाहेर नेणारं माणूस आत्तापासूनच शोधा. सुट्टीत तुम्ही घरात असतानाच त्या माणसाला येऊ द्या, तिला सवय होऊ द्या. दाराजवळ धुता येतील असे शोषक पॅड अंथरा. आणि पाणी कमी करू नका, रात्री उठावं लागतं म्हणूनही नाही. या आजारात पाणी तोडलं की तब्येत झपाट्याने ढासळते.

खिडकीतली_मनी

सुट्टी संपण्याबद्दल सगळ्यांनाच सांगते. महिना-दीड महिना दोन्ही माणसं चोवीस तास घरात, आणि मग एका सोमवारी दोघंही गायब, हे प्राण्याला फार जड जातं. दार ओरबाडणं, सतत भुंकणं, घरात लघवी, हे त्याच घाबरण्यातून येतं. त्यासाठी त्याला ओरडू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत दोघांनी मिळून बाहेर पडायला सुरुवात करा. एकाने जाणं पुरत नाही, कारण दुसरा घरात असतोच. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास, मग दुपार. जाताना लाडाचा निरोप नाही, आल्यावर दंगा नाही. चघळायला काही तरी देऊन शांतपणे दार ओढायचं.

सांजसावली

हे दोघांनी मिळून बाहेर पडणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही आळीपाळीने जात होतो. आजच ठरवलं. ऊन उतरलं की आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन येणार, भुरा घरी.

@उंबरठा, दुपारी येणारं माणूस मिळालं की इथे कळवा. आमच्या भुरालाही लवकरच लागेल, तेव्हा त्या माणसाला तुम्ही काय काय शिकवलंत हे मला सविस्तर हवंय.